‘सर्व ऋतूंचा’ टायर : नावाची पारख

व्यापारात नावाला किंमत असते, हे आपणां व्यापाऱ्यांना कोणी शिकवावयास नको. गूळ कोल्हापुरी म्हटला की गिऱ्हाईक भावात एक शब्द कमी बोलते; तांदूळ आंबेमोहोर म्हटला की मूठभर घेऊन नाकाशी नेते. परंतु गूळ आणि तांदूळ यांच्या बाबतीत नावाची परीक्षा जीभ आणि नाक तेथल्या तेथे करतात, आणि नाव खोटे निघाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहते. काही माल मात्र असा असतो की, त्याच्या नावाची परीक्षा विकत घेतल्यावर कित्येक महिन्यांनी, तीही एखाद्याच क्षणी आणि भर रस्त्यावर होते. मोटारीचा टायर हा अशा मालांपैकी एक होय. त्यातही उत्तर अमेरिकेत जो ‘ऑल सीझन’, म्हणजे सर्व ऋतूंचा, म्हणून विकला जातो, त्या टायरविषयी आपल्या कुटुंबांतून जी समजूत रूढ झाली आहे, ती एकदा तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. आमची पेढी टायरची, आणि तीही बेळगावची. ज्या गावाला त्याच्या थंड हवेमुळे ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणत आले, त्या गावीही पारा क्वचितच १० अंशांच्या खाली उतरतो. बर्फ आम्ही पाहतो ते उसाच्या रसाच्या दुकानात. तेव्हा बर्फावरील टायरविषयी बेळगावच्या टायरवाल्याने लेखणी उचलावी, हे वरकरणी विनोदी दिसेल. परंतु आज आपल्या सभासदांपैकी कित्येकांची मुले, मुली, सुना, जावई टोरंटो, ओटावा, शिकागो, डेट्रॉइट अशा शहरी स्थिरावले आहेत. तिकडे पहिली मोटार घेतली की तिच्या छायाचित्राबरोबर प्रश्नही इकडे येतात, आणि त्या प्रश्नांना आपण येथल्या हवेच्या व येथल्या काटकसरीच्या मापाने उत्तरे देतो. माझे म्हणणे एवढेच की, या एका बाबतीत ते माप चालत नाही. आणि ते का चालत नाही, हे हिशोबानिशी मांडता येते.

प्रथम या नावाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. बर्फासाठी वेगळा टायर ही कल्पना जुनीच आहे. फिनलंडमधील नोकिया गावच्या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी हिवाळी टायर काढला आणि १९३६ मध्ये लहान मोटारींसाठी ‘हाक्कापेलीटा’ या नावाचा. अमेरिकेत पुष्कळ वर्षे रीत अशी होती की, हिवाळा आला की मागच्या दोन चाकांना, म्हणजे इंजिनाची ओढ ज्या चाकांवर येते त्यांना, जाड नक्षीचे बर्फाचे टायर चढवावयाचे आणि वसंत ऋतूत ते उतरवून ठेवावयाचे. वर्षातून दोनदा ही उठाठेव कोणालाच प्रिय नव्हती. १९७७ मध्ये गुडइयर कंपनीने ‘टीएम्पो’ या नावाचा टायर बाजारात आणला. रेडिअल बांधणीचा पहिला सर्व ऋतूंचा टायर तो हाच. एकदा चढवा आणि वर्षभर विसरा, हे आश्वासन त्या देशाला इतके आवडले की, आज तेथे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मोटारी असेच टायर लेवून येतात. ही सोय खोटी नाही. प्रश्न तिच्या मर्यादेचा आहे.

ती मर्यादा टायरच्या बाजूवरच लिहिलेली असते, फक्त वाचता आली पाहिजे. सर्व ऋतूंच्या टायरवर ‘एम’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरे छापलेली आढळतात. त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ. गिऱ्हाईकाला स्वाभाविकच वाटते की, हा टायर कोणीतरी चिखलात आणि बर्फात चालवून पाहिला असेल. वस्तुतः तसे काही नाही. अमेरिकेतील टायर कारखानदारांच्या संघाने या अक्षरांसाठी जी अट घातली, ती नक्षीच्या भूमितीची आहे. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, त्यातील निदान २५ टक्के जागा खाचांची, म्हणजे मोकळी असावी. खाचा कडेपर्यंत जाव्यात. त्यांचा कोन आणि रुंदी अमुक इतकी असावी. बस्स. मोजपट्टी लावली की अक्षरे मिळाली. बर्फावर एकही परीक्षा द्यावी लागत नाही. आपल्या बाजारात एखाद्याने पोत्यावर ‘निवडक’ असे छापावे आणि त्याचा पुरावा म्हणून पोत्याची शिवण दाखवावी, त्यातलाच हा प्रकार आहे. त्यात कोणी कोणाला लबाडीने फसवतो असे मी म्हणत नाही. अट जाहीर आहे, ती कोणीही वाचावी. पण वाचतो कोण?

आता रबराकडे वळतो, कारण खरी गोम नक्षीत नसून रबरात आहे. टायरचे रबर रस्त्याला धरून ठेवते ते आपल्या लवचिकपणामुळे. डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसला तरी तो खडबडीत असतो. नरम रबर त्या खडबडीत उंचवट्यांना बिलगते, त्यांच्या फटींत उतरते आणि तेथून पकड निर्माण होते. हवा गार होत गेली की रबर ताठ होत जाते. उन्हाळी टायरचे रबर साधारणपणे ७ अंशांच्या खाली एवढे कडक होऊ लागते की, रस्ता कोरडा असला तरी त्याची पकड उणावते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बर्फ पडण्याची वाट पाहावी लागत नाही, नुसती थंडी पुरते. हिवाळी टायरमध्ये म्हणून नैसर्गिक रबराचे आणि सिलिकाचे प्रमाण अधिक ठेवतात, जेणेकरून ते उणे २० अंशांतही नरम राहावे. उलट तेच रबर उन्हाळ्यात लोण्यासारखे वागते, लवकर झिजते आणि ओल्या गरम रस्त्यावर गाडी थांबावयास अधिक अंतर घेते. सर्व ऋतूंचा टायर या दोहोंच्या मधला. तो उन्हाळ्यात वितळत नाही आणि हलक्या थंडीत दगड होत नाही. मधला असणे हाच त्याचा गुण आणि तीच त्याची उणीव.

बर्फावर पकड कशी येते, हेही सांगितले पाहिजे. आमच्या दुकानात बसलेल्या जाणत्या माणसांनाही ते ऐकून नवल वाटते. भुसभुशीत बर्फावर रबर बर्फाला धरत नाही. बर्फच बर्फाला धरते. नक्षीच्या खाचांत बर्फ दाबून भरते आणि ते खालच्या बर्फाला चिकटते, लहान मुले हातात बर्फाचा गोळा वळतात तसे. म्हणून हिवाळी टायरच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा पाडलेल्या असतात. प्रत्येक चिरेची कड बर्फात रुतते. गोठलेल्या पाण्याच्या काचेसारख्या थरावर मात्र हा उपाय अपुरा पडतो. तेथे चाकाखाली पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा असतो, आणि तो टिपून घेण्याचे काम त्याच चिरा करतात. मौजेची, किंवा भीतीची, गोष्ट अशी की, हा थर कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्य अंशाच्या आसपास अधिक निसरडा असतो. नवखा माणूस नेमका त्याच दिवशी, ‘आज हवा बरी आहे’ म्हणून गाडी काढतो.

माझा भाचा ओटावा येथे नोकरीस आहे. २०२२ च्या हिवाळ्यापूर्वी त्याने मोटारीचे टायर बदलले. तेथल्या एका दुकानदाराने त्याला सर्व ऋतूंचा संच दिला आणि हिवाळ्यासही तो पुरेल असे सांगितले. माझ्या मेहुण्यांनीही इकडून दुजोरा दिला की, नव्या संसारात एका गाडीला टायरचे दोन संच हा उधळेपणा होय. गाडी चारही चाकांना ओढ देणारी होती, त्यामुळे सगळेच निश्चिंत होते. डिसेंबरात एका संध्याकाळी उतारावरून चौकाकडे येताना त्याने ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेकची खडखड सुरू झाली, चाके अडकली नाहीत, यंत्रणेने आपले काम चोख केले. पण गाडी आपल्या गतीने पुढे सरकतच राहिली आणि पदपथाच्या कडेला जाऊन आदळली. रिम वाकली. पदपथावर त्या क्षणी कोणी नव्हते. “मामा, ब्रेक दाबला होता हो, पण गाडी ऐकतच नव्हती,” असे तो दूरध्वनीवर दोनदा म्हणाला.

या प्रसंगात दोन समजुती एकदम उघड्या पडतात. चारही चाकांना ओढ असली की गाडी जागची हलते लवकर, पण थांबते लवकर असे नाही. थांबण्यासाठी प्रत्येक मोटार चारही चाके वापरतच असते. किंबहुना अशी गाडी सहज सुटत असल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे, हे चालकाला पहिल्या ब्रेकपर्यंत कळतच नाही. दुसरे असे की, चाके अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा असलेली पकड वाया जाऊ देत नाही. नसलेली पकड ती कोठून आणणार? एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. दीड टनाची मोटार आणि तिच्यातील माणसे अशा चार तळहातांवर विसंबून असतात.

परीक्षा दिलेल्या टायरची खूण कोणती, तर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचा सहा पाकळ्यांचा कण. उत्तर अमेरिकेतील कारखानदारांनी ही खूण १९९९ मध्ये मुक्रर केली. तिच्यासाठी टायर खरोखरीच दाबलेल्या बर्फावर नेतात आणि एका ठराविक नमुन्याच्या टायरशी त्याच्या ओढीची तुलना करतात. नमुन्याला १०० धरले तर उमेदवाराला मूळ अटीप्रमाणे निदान ११० मिळाले पाहिजेत. येथे वजनकाटा आहे, वजने आहेत, आणि काट्यावर माल प्रत्यक्ष ठेवलेला आहे. तरीही जाणत्या गिऱ्हाईकाने ही खूणसुद्धा डोळे मिटून घेऊ नये. अमेरिकी पद्धतीत ती सरळ रेषेतील ओढीची परीक्षा आहे. वळणाची नव्हे, आणि गोठलेल्या काचेसारख्या थराची तर नव्हेच. युरोपीय संघाने मे २०२१ पासून टायरवर जे नवे लेबल सक्तीचे केले, त्यात गोठलेल्या रस्त्यावरील पकडीसाठी निराळे चिन्ह ठेवले आहे, ते याच कारणाने.

सरकारांनीही अक्षरे आणि खूण यांतला भेद ओळखला आहे. जर्मनीत २०१८ पासून बनलेल्या टायरवर डोंगराची खूण असेल तरच तो हिवाळी मानला जातो, आणि जुन्या, केवळ अक्षरे छापलेल्या टायरना दिलेली सवलत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. कॅनडातील क्वेबेक प्रांताने हिवाळी टायरची सक्ती २००८ मध्ये आणली. १५ डिसेंबर २०१४ पासून तेथे खूण आवश्यक झाली, आणि २०१९ पासून सक्तीचा काळ १ डिसेंबर ते १५ मार्च असा आहे. ब्रिटिश कोलंबियात मात्र डोंगरी मार्गांवर अक्षरांचा टायरही आजतागायत ग्राह्य धरतात, नक्षी ३.५ मिलिमीटरहून कमी नसली म्हणजे झाले.

येथे एक गोष्ट आपणां सीमाभागातील लोकांच्या विशेष ध्यानात येईल. ओटावा शहर आंटारिओ प्रांतात. मध्ये नदी, आणि पलीकडच्या तीरावर गातिनो, ते क्वेबेकात. पूल ओलांडला की प्रांत बदलतो, भाषा बदलते, कायदा बदलतो. गातिनोत नोंदलेल्या मोटारीला हिवाळी टायर सक्तीचे. ओटावात नोंदलेल्या मोटारीला नाहीत. जानेवारीचे सरासरी तापमान दोन्ही तीरांवर उणे १० अंशांच्या आसपास, आणि बर्फ काही नोंदणीची पाटी वाचून पडत नाही. तेव्हा ‘आमच्या प्रांतात सक्ती नाही’ हे उत्तर मुलाने दिले तर ते कायद्याचे उत्तर झाले, रस्त्याचे नव्हे. आंटारिओ सरकारने सक्ती केली नाही. पण १ जानेवारी २०१६ पासून तेथील विमा कंपन्यांना हिवाळी टायर बसवणाऱ्यास हप्त्यात सूट देणे भाग आहे. विमेवाल्याला सूट देण्यास कोणी भाग पाडावे आणि त्याने ती मुकाट्याने द्यावी, यात काय ते व्यापाऱ्याने समजून घ्यावे.

आता पैशाचा हिशोब. आपल्या वडीलधाऱ्यांचा मुख्य आक्षेप येथेच असतो, आणि हिशोब न करता तो बाजूला सारणे आपल्याला शोभणार नाही. समजा, मुलगा वर्षाला १५ हजार किलोमीटर मोटार चालवतो आणि सर्व ऋतूंचा संच ६० हजार किलोमीटर टिकतो. म्हणजे तो संच चार वर्षांत संपला. आता समजा, त्याने हिवाळ्याचे पाच महिने वेगळा संच चढवला. हिवाळ्यात ६ हजार किलोमीटर होतील, बाकीच्या महिन्यांत ९ हजार. पहिला संच ६० हजारांऐवजी दरसाल ९ हजारांनी झिजू लागला, तो साडेसहा वर्षांहून अधिक पुरला. हिवाळी संच नरम म्हणून तो ४० हजारांतच संपतो असे धरू. दरसाल ६ हजारांनी तोही साडेसहा वर्षांहून अधिक जातो. तेवढ्या काळात एकाच संचावर चालणाऱ्याने एक संच संपवून दुसऱ्याचाही दोन-तृतीयांश भाग झिजवलेला असतो. म्हणजे दोन संच ठेवणाऱ्याचा रबरापुरता जादा खर्च निघाला एका संचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. भांडवल अगाऊ गुंतले, बुडाले नाही.

हा हिशोब कागदावरचा आहे आणि त्यात वजावट केली पाहिजे. कॅनडाच्या केंद्रीय वाहतूक खात्याचा सल्ला असा की, नक्षी ४ मिलिमीटरच्या जवळ आली की तो टायर बर्फावर वापरू नये; त्यामुळे हिवाळी संच शेवटपर्यंत झिजवता येत नाही, एखाददुसरा हिवाळा आधीच निवृत्त करावा लागतो. शिवाय दुसऱ्या चार रिम, वर्षातून दोनदा चढवण्या-उतरवण्याची मजुरी आणि ठेवण्याची जागा. हे सगळे धरूनही तो खर्च मुलाच्या मोटारीच्या विम्यापुढे किंवा एका लहानशा अपघाताच्या दुरुस्तीपुढे मोठा ठरत नाही. आमच्या मेहुण्यांना हा हिशोब वहीत मांडून दाखवला तेव्हा त्यांनी आकडे दोनदा तपासले आणि ‘मग हे दुकानदाराने का सांगितले नाही?’ असे विचारले. प्रश्न रास्त आहे. दुकानदाराने जे टायरवर छापले होते तेच सांगितले. गाडी कोठे आणि कोणत्या वेळी चालणार, हे मात्र त्याने विचारले नाही. विक्रेत्याचे काम छापील नाव वाचून दाखवण्यापाशी संपते असे मी मानत नाही. तेवढे वाचावयास गिऱ्हाईकालाही येते.

तथापि प्रत्येकाने दोन संच ठेवावेत, असाही माझा आग्रह नाही. कोणी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालवतो. त्याचा टायर झिजण्याआधी वयानेच म्हातारा होतो. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होते, आणि दहा वर्षांपलीकडे तर, नक्षी कितीही शाबूत दिसो, टायर वापरू नये असे कारखानदार स्वतःच सांगतात. अशा माणसाने दोन संच घेणे म्हणजे दोन संच फुकट घालवणे होय. कोणी अशा शहरी राहतो की जेथे बर्फ वर्षातून चार दिवस पडते आणि त्या दिवशी घरी बसता येते. या लोकांसाठी बाजारात तिसरा प्रकार आहे, तो ‘ऑल वेदर’ या नावाने. सर्व ऋतू आणि सर्व हवामान यांत मराठीत फरक शोधून काढावा लागेल; तिकडच्या व्यापारात मात्र फरक असा की, दुसऱ्यावर डोंगराची खूण असते. युरोपात ‘मिशेलिन’ने २०१५ मध्ये काढलेला ‘क्रॉसक्लायमेट’ हा त्याच वळणाचा; उन्हाळी टायर, पण बर्फाची परीक्षा उत्तीर्ण झालेला. मुलाला एकच संच परवडत असेल तर तो खुणेचा असावा, एवढा सल्ला येथून खुशाल द्यावा. ओटावा किंवा माँट्रियल येथे रोज पहाटे कामावर जाणाऱ्याला मात्र मी खरा हिवाळी संचच घ्यावयास सांगेन.

गाडीच्या हाताळणीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तरुण मंडळी पकडीपेक्षा तिच्याविषयीच अधिक विचारतात. स्टिअरिंग फिरवले की गाडीने तत्काळ वळावे, डगमगू नये, ही अपेक्षा योग्य आहे. त्यासाठी नक्षीचे ठोकळे भक्कम आणि बाजूची भिंत ताठ लागते. बर्फासाठी मात्र त्याच ठोकळ्यांना चिरा पाडाव्या लागतात, आणि चिरलेला ठोकळा वळणावर वाकतो, रेलतो. चालकाला वाटते, स्टिअरिंग आणि रस्ता यांच्यामध्ये कोणी उशी ठेवली आहे. अलीकडे कारखानदार चिरा आतून नागमोडी करतात, म्हणजे ठोकळा रेलू लागला की चिरेच्या दोन्ही भिंती एकमेकींत अडकून आधार देतात. त्यामुळे तफावत पुष्कळ कमी झाली आहे, नाहीशी झालेली नाही. जो विक्रेता एकाच टायरमध्ये उन्हाळ्यातील उत्तम हाताळणी आणि उत्तम हिवाळी पकड दोन्ही देऊ करतो, त्याला त्यातली थोडी कोणती सोडली, असे विचारावे. प्रामाणिक विक्रेता सांगतो.

हाताळणी बिघडवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दोनच चाकांना वेगळे टायर लावणे. जुन्या रीतीच्या आठवणीने किंवा काटकसरीने कोणी फक्त पुढच्या, ओढीच्या चाकांना हिवाळी टायर लावतो. मग पुढचा भाग रस्ता धरतो, मागचा सोडतो, आणि वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. चारही टायर एकाच प्रकारचे हवेत. एकाच प्रकारातले दोन नवे घ्यावयाचे झाले तर नवे मागे आणि जुने पुढे, हा नियम आपल्याकडेही तितकाच लागू आहे. पण आमच्या दुकानात येणारी दहांतली आठ गिऱ्हाइके नवे टायर पुढे चढवा म्हणूनच आग्रह धरतात.

आपल्याकडील गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास उतरणाऱ्यांचा खरा हिवाळा म्हणजे जुलै आणि ऑगस्ट. तेथे हवा २० अंशांहून फारशी खाली जात नाही, तेव्हा उष्ण हवेसाठी बनलेल्या रबराची काहीच तक्रार नसते. शत्रू आहे ते पाणी. खाचांनी चाकाखालचे पाणी बाजूला फेकले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. कायद्याने मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटर नक्षी पुरते. घाटातल्या पावसाला ती पुरत नाही. येथल्या मोटारीला परदेशी हिवाळी टायर लावण्याची हौस असणाऱ्यांनी ते पैसे वेळेवर टायर बदलण्यात घालावेत. रोहतांगखालील अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाल्यापासून हिवाळ्यात लाहौलकडे मोटारी नेणारे वाढले आहेत. तेथे आपल्या मैदानी टायरांचा भरवसा न धरता साखळ्या जवळ ठेवाव्या आणि शक्य तर तेथलीच गाडी आणि तेथलाच चालक करावा.

परदेशी मुलांना पाठवण्यासाठी आणखी काही बारीकसारीक सूचना आहेत. अमेरिकेत टायरवर झिजेचा एक आकडा आणि पकडीचे अक्षर छापतात. ६०० चा आकडा ४०० पेक्षा अधिक टिकाऊपणा सुचवतो, पण तो कारखानदार स्वतःच ठरवतो; दोन निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे एका तराजूत घालू नयेत. पकडीचे ‘एए’ किंवा ‘ए’ हे ओल्या रस्त्यावर सरळ थांबण्याचे गुण आहेत. वळण, साचलेले पाणी आणि बर्फ यांचा त्यांत अंतर्भाव नाही, तेव्हा ‘एए’ पाहून हिवाळ्याची खात्री बाळगू नये. भाराचा अंक मोटारीच्या पुस्तकात असेल त्याहून कमी घेऊ नये. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की हवा सुमारे एक पौंडाने उतरते. सप्टेंबरात भरलेली ३३ पौंड हवा जानेवारीत आपोआप २८ च्या आसपास येते, आणि मुलगा म्हणतो, टायर पंक्चर झाला असावा. थंडीत, गाडी उभी असताना, महिन्यातून एकदा हवा पाहावी.

हिवाळी संच बसवून घेण्याची वेळ पहिल्या बर्फापूर्वीची ठरवावी. ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडच्या दुकानांतून रांगा लागतात आणि हव्या त्या मापाचा माल संपतो; मग दुकानात जे शिल्लक असेल ते गळ्यात पडते. घेताना टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक वाचून घ्यावेत. २००० सालापासून ते बनावटीचा आठवडा आणि वर्ष दाखवतात. ‘२३२५’ असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. संच नवा म्हणून दिला आणि अंक चार-पाच वर्षांपूर्वीचे निघाले, तर दुसरा संच मागावा.